डबा रिकामा पाठवायचा नसतो

शेजारून काही खायला आलं, तर ज्या भांड्यातून आलं ते भांडं रिकामं परत करायचं नसतं. हे मला कोणी बसवून शिकवलं नाही. आईला करताना पाहिलं, सासूला करताना पाहिलं, आणि माझे हातही आपोआप तसंच करायला लागले. वाटीत कढी आली, तर वाटी घासूनपुसून तिच्यात दोन वड्या, चार लाडू, कुंडीतल्या मिरच्या, जे असेल ते टाकायचं आणि मग वाटी धाडायची. घरात अगदीच काही नसेल तर मूठभर साखर. साखर हा शेवटचा उपाय. तो मी जरा जास्तच वेळा करते, असं माझ्या शेजारणीचं म्हणणं होतं. ती आता नाही, त्यामुळे तिचं म्हणणं खोडून काढण्यातही मजा उरली नाही.

नियम जुना आहे, चांगला आहे. पण ह्याच नियमाने आमच्या गल्लीतल्या एका भल्या माणसाचं बेंगळुरूचं तिकीट काढलं होतं. ते कसं, ते सांगते.

आम्ही भोपाळात सोनागिरीला राहतो. आम्ही म्हणायची सवय आहे म्हणून म्हणते, खरं तर आता मी एकटीच. राजधानी नागपूरहून भोपाळला हलली, तेव्हा माझे सासरे कचेरीच्या फायलींबरोबर इथे आले आणि फायलींसारखेच इथे राहिले. यजमानही सरकारी नोकरीत. मी नागपूरची, लग्न होऊन इथे आले तेव्हा मला हिंदी येत नव्हती, आता मराठी बोलताना मधे हिंदी येते आणि लेक फोनवर माझ्या चुका काढते. ती नागपुरात असते. रोज विचारते, जेवलीस का? मी रोज हो म्हणते. कधीकधी खरंही असतं.

गल्लीत अर्धे लोक जवळच्या कारखान्यातून रिटायर झालेले आणि अर्धे दुकानदार. मराठी घरं दोनच. एक माझं, आणि भिंतीला भिंत लागून दुसरं भाऊजींचं. भाऊजी माझे कोणी नात्यातले नव्हेत, शेजारणीचे यजमान. ते मला वहिनी म्हणतात. पुण्याकडचे, कारखान्यात टूलरूमला होते, जिथे केसभर चूकही चालत नाही. कमी बोलणारा माणूस. बोलायचं सगळं काम त्यांनी बायकोकडे दिलं होतं आणि ती ते ओव्हरटाइम घेऊन करायची.

ती माझी मैत्रीण होती असं म्हटलं तर ती जिथे असेल तिथून हरकत घेईल. आम्ही एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवत जन्म काढला. ती माझ्या वांग्याच्या भाजीला जाळ म्हणायची, मी तिच्या आमटीला सरबत म्हणायची. तिच्या हातचं लिंबाचं लोणचं तर इतकं गोड, की ते पोळीशी खायचं की प्रसादाला ठेवायचं ते मला कळायचं नाही. असं मी तिला तोंडावर सांगायची, आणि तरी ती दर हिवाळ्यात माझा डबा भरून लोणचं धाडायची. डबा माझाच असायचा. यजमानांना निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या लोकांनी दिलेला स्टीलचा डबा, झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं. संक्रांतीला तो तिळाच्या वड्या घेऊन तिच्याकडे जायचा आणि काही दिवसांनी लोणचं घेऊन परत यायचा. त्याची जन्मभराची पाळी ठरलेली होती.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीचा डबा गेला, आणि तो परत यायच्या आत तिला खोकला झाला. दवाखान्यात नेली. तिथून ती आलीच नाही.

मग आमची गल्ली कामाला लागली. आमची गल्ली एरवी कचऱ्यावरून, पाण्यावरून, गाडी लावण्यावरून भांडते, पण कोणी गेलं की तिच्या अंगात येतं. ह्या घरातून खिचडी, त्या घरातून पराठे, समोरच्या भाभीकडून दालबाफले, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, तेही इतके, की एकट्या माणसाने खाल्ले तर त्याचंही व्हायचं ते होईल. माझ्याकडून रोज गंजभर काहीतरी. पातेल्याला आम्ही नागपूरकडे गंज म्हणतो. भाऊजी दारात येत, हात जोडत, भांडं घेत. पहिले काही आठवडे सगळं ठीक चाललं होतं.

पुढे ते दारात उशिरा यायला लागले. मग बेल दोनदा वाजवावी लागायची. मग खिडकीतून नुसतं "ठेवून जा" ऐकू यायचं. आणि उन्हाळा सरेपर्यंत ते भांडं दारातून कधी उचलायचे तेही कोणाला दिसेना. भांडं जायचं हे नक्की. यायचं मात्र नाही.

"आंटीजी," समोरची भाभी मला म्हणाली, "मेरी दो कटोरियाँ और एक भगोना अंकलजी के यहाँ शहीद हो गया." ही भाभी आमच्या गल्लीची बातमीदार आहे. पन्नाशीची, अंगाने दणकट, मनाने मऊ आणि जिभेने मोकाट. माझीसुद्धा तोवर इतकी भांडी तिकडे गेली होती, की मी वरण चहाच्या भांड्यात करत होते आणि चहा वरणाचा लागत होता. लोक तर्क लढवायला लागले. कोणी म्हणालं, कबाड्याला विकत असतील. कोणी म्हणालं, घासायचा कंटाळा येत असेल, फेकत असतील. एक जण अगदी हळू आवाजात म्हणाला, डोक्यावर परिणाम झाला असेल, एकटेपणाने होतं असं. हा हळू आवाज सगळ्यात लांब जातो. तो बेंगळुरूला पोचला.

भाऊजींचा मुलगा तिकडे असतो. चांगला मुलगा आहे, माझ्या अंगणात वाढलेला. त्याचा मला फोन आला. "काकू, बाबा लोकांची भांडी लपवून ठेवतात म्हणे. माझ्याशी फोनवर हं हं एवढंच करतात. मी इथे एका डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले, ही लक्षणं बरी नाहीत, एकटं ठेवू नका. दिवाळी झाली की येतो, घर बंद करतो आणि त्यांना घेऊन जातो."

"त्यांना विचारलंस का?" मी म्हटलं.

"ते म्हणाले, तू म्हणशील तसं."

फोन ठेवला आणि मला रडू आलं. भाभीला मी सांगितलं की मला राग आलाय, कारण रागाचं कारण कोणी विचारत नाही. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. पहाटे भिंतीपलीकडे भाऊजींच्या नळाचा आवाज येतो, मग बादली सरकते, मग मी उठते. शेजारीण गेल्यावर त्या घरातून तेवढाच आवाज येत होता. त्या घराला कुलूप लागलं, तर मी सकाळी उठायचं ते कशाला, हे मला खरोखर माहीत नव्हतं. आणि हे कोणाला सांगणार? लेकीला सांगितलं असतं तर तिने माझंही तिकीट काढलं असतं.

म्हणून मी ठरवलं, आधी भांड्यांचा छडा लावायचा. भाऊजींचं डोकं फिरलंय की नाही, ते त्यांचं स्वयंपाकघर पाहिल्याशिवाय कळणार नाही. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे होती, शेजारणीच्या काळापासूनची. माझी तिच्याकडे, तिची माझ्याकडे. प्रश्न एवढाच, की भाऊजी घराबाहेर पडतील तर ना.

नोव्हेंबरने तो प्रश्न सोडवला. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो. गल्लीला जिवंत असल्याचा पुरावा दिला नाही तरी चालतं, बँकेला चालत नाही. एका सकाळी भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन निघाले. मी जाळीच्या दारामागे उभी होते. ते वळणावरून दिसेनासे झाले आणि मी किल्ली काढली. भाभीला दारात पहाऱ्याला उभं केलं. "कोई आए तो खाँसना," मी तिला सांगितलं. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, दुसऱ्याच्या घरात चोरासारखं शिरताना मला लाज वाटायला हवी होती. मला मजा वाटत होती. किती दिवसांनी वाटली.

स्वयंपाकघरात गेले आणि उभीच राहिले.

ओट्यावर, खिडकीत, टेबलावर, सगळीकडे भांडी मांडलेली होती. घासून, पुसून, लख्ख. प्रत्येकाखाली वर्तमानपत्राचा तुकडा. आणि घरं गल्लीत ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने भांडी. कोपऱ्यातल्या दुकानदाराच्या वाट्या पहिल्या, मग पुढच्या घराची ताटली, भाभीचा भगोना, आणि शेवटी माझी सगळी पलटण. डोकं फिरलेला माणूस असं करत नाही. डोकं फिरलेलं असतं तर माझ्या गंजात भाभीची कटोरी सापडली असती.

मोरीत मात्र एक कढई होती, आणि कढईत एक काळा पदार्थ. मी उलथन्याने खरवडला आणि चाखून पाहिला. इतकं धाडस माणसाने करू नये. रवा होता, साखर होती, बाकी कोळसा. कचऱ्याच्या डब्यात तसलाच आणखी एक प्रयोग होता, बहुधा कालचा. मी तिथेच हातात उलथनं घेऊन उभी राहून विचार करत होते, आणि बाहेर भाभी खोकली. खोकली म्हणजे काय, क्षयरोग्यासारखी खोकली. पण गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई पळून पळून किती पळणार?

भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात आले. मी म्हटलं, "या भाऊजी. बसा. दाखला मिळाला?" जसं काही घर माझं आणि पाहुणे ते.

"नाही," ते म्हणाले. शांतपणे म्हणाले. मी तिथे का आहे हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. "मशीनला माझा अंगठा कळत नाही. जन्मभर लोखंड घासलं, अंगठ्यावर रेघाच उरल्या नाहीत. पुसून पुसून दाबला. शेवटी ती मुलगी म्हणाली, बाबूजी, परवा या." ते खुर्चीत बसले. "म्हणजे परवापर्यंत मी नाही."

मला हसू आवरेना. मी हसले म्हणून तेही थोडे हसले. त्या घरात कोणी हसलेलं मी फार दिवसांनी ऐकलं, आणि ते ऐकून माझा धीर वाढला.

"भाऊजी," मी म्हटलं, "ही भांडी का अडकवून ठेवलीत? लोक काय काय बोलतात, माहीत आहे?"

त्यांनी भाभीच्या भगोन्याखालचा कागद सरळ केला. "रिकामी कशी पाठवू, वहिनी?"

मला आधी कळलंच नाही.

"तिने कधी कोणाचं भांडं रिकामं पाठवलं नाही," ते म्हणाले. "मला चहापलीकडे काही येत नाही. शिरा करून बघतो, तो असा होतो. आज जमेल, उद्या जमेल म्हणता म्हणता भांडी साठत गेली."

"अहो, मग साखर घालायची."

"साखर?" भाऊजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ती म्हणायची, साखर घालून भांडं धाडणारी बाई आळशी."

"कोणाबद्दल म्हणायची?"

ते खाली फरशीकडे बघायला लागले. एरवी मी ह्यावरून महिनाभर अबोला धरला असता. पण ज्या बाईशी धरायचा ती नव्हती.

"बरं, विकतचं काही आणून भरायचं. कोपऱ्यावर जिलबी मिळते."

"विकतचं चाललं असतं तिला?"

नसतं चाललं. तेही खरंच.

मग हा कमी बोलणारा माणूस त्या दिवशी बोलला. म्हणाले, "सगळे प्रेमाने आणतात, मला समजतं. पण रोज घ्यायचं, घ्यायचं आणि घ्यायचंच. समोरचा माणूस भरलेलं भांडं घेऊन उभा, आणि माझ्याकडे त्याला द्यायला काही नाही. मला लाज वाटायला लागली, वहिनी. मग बेल वाजली की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचो. बेल थांबेपर्यंत."

काय सांगू बाप्पा! आमच्या गल्लीने दया करून करून एका माणसाला घरात कोंडलं होतं, आणि सगळ्यात मोठी भांडी माझी होती. आम्ही बाहेर उभे राहून म्हणत होतो, बिचारे कोणाशी बोलत नाहीत. ते आत बसून बेल मोजत होते.

"उठा," मी म्हटलं. "शेंगदाणे आहेत का घरात?"

शेंगदाणे भाजायला काय अक्कल लागते, असं मला वाटत होतं. लागते. भाऊजी विचारत होते, आच किती? मी म्हटलं, मध्यम. मध्यम म्हणजे किती? मी म्हटलं, लहान आणि मोठ्याच्या मधली. हे उत्तर टूलरूमला चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी वाकून ज्योत पाहिली, बटण थोडं फिरवलं, परत पाहिलं, आणि तेवढ्यात पहिला घाणा करपला. दुसरा अर्धा करपला. तिसऱ्याला मी त्यांना गप्प बसून नुसतं ढवळायला सांगितलं. दुपारपर्यंत एक मोठी परात भरून शेंगदाणे झाले, मीठ लावलेले, काही पिवळे, काही तांबडे आणि बरेच काळे.

संध्याकाळी भाऊजींनी तोच इस्त्रीचा शर्ट घातला आणि एकेक भांडं घेऊन घरोघर निघाले. भाभीने आपल्या भगोन्यात डोकावून पाहिलं. "अंकलजी, ये तो थोड़े जल गए."

"थोड़े नहीं, आधे," भाऊजी म्हणाले. "आधे ठीक हैं. छाँट लीजिए."

भाभीने त्यांना आत ओढून नेऊन चहा पाजला. पुढच्या घरीही चहा. त्याच्या पुढच्याही घरी. दिवेलागणीला माणूस घरी परतला तेव्हा पोटात चहा हिंदकळत होता आणि तोंडावर थोडं तेज होतं. माझी भांडी त्यांनी सगळ्यांत शेवटी आणली. माझ्या गंजातले शेंगदाणे सगळे पिवळे होते, एकही जळका नव्हता. निवडून भरले होते हे मला कळलं, आणि मी म्हटलं, मीठ कमी आहे.

एक डबा मात्र आला नाही. तोच, यजमानांच्या नावाचा.

"भाऊजी, माझा लोणच्याचा डबा?"

"डबा," ते म्हणाले. "हो. बघतो." आणि वळले. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हाही बघतो. मग तर मला पाहिलं की ते शर्टाची बटणं तपासायचे. हरवला असणार, असं मी धरून चालले, आणि मला वाईट वाटलं. ते नाव दुसऱ्या कुठल्याच भांड्यावर नव्हतं.

तेवढ्यात मुलगा आला. गल्लीने त्याला शेंगदाण्यांची गोष्ट सांगितली, तो ऐकून हसला, आणि मग गंभीर होऊन म्हणाला, "ते सगळं खरं काकू, पण तिकिटं काढली आहेत. आज शेंगदाणे भाजले, उद्या काय? पुन्हा दार बंद करून बसले तर मला कोण सांगणार?" चुकीचं काहीच बोलत नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी मी आणि भाभी त्यांच्याकडे गेलो. बॅगा दारात उभ्या. भाऊजी खुर्चीत, मांडीवर हात ठेवून, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे.

"भाऊजी, तुम्हाला जायचंय का?" मी सरळ विचारलं.

"तो म्हणतोय तर..."

"तो काय म्हणतोय ते मी ऐकलंय. तुम्ही काय म्हणताय?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही जायचं," ते म्हणाले. "पण इथे राहून मी कोणाच्या काय कामाचा?"

भाभीने पदर डोळ्याला लावला. आता सगळे रडणार आणि बॅगा निघणार, हे मला दिसत होतं. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी भांडले.

"जायचं तर जा," मी म्हटलं. "पण आधी माझा डबा द्या. माझ्या नवऱ्याचं नाव आहे त्याच्यावर. तो घेतल्याशिवाय मी ह्या दारातून हलणार नाही." आणि खरंच दारात खुर्ची ओढून बसले.

भाऊजी उठले. देवघराच्या खालच्या कप्प्यातून त्यांनी डबा काढला. त्या दिवशी मी तिथे हात घातला नव्हता, चोरीलाही काही मर्यादा असते. डबा त्यांनी माझ्या हातात दिला नाही. टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं.

आत तळाशी थोडा खार होता आणि लिंबाची एक फोड.

"दवाखान्यात जायच्या दिवशी ती म्हणाली होती," भाऊजी बोलत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. "वहिनींचा डबा भरून ठेवलाय, तेवढा नेऊन द्या. मी नेला नाही. तुमचं लोणचं मी खाल्लं, वहिनी. रोज जेवताना थोडं. आता एवढंच उरलंय. हे खाल्लं असतं तर डबा रिकामा झाला असता. म्हणून ठेवलं."

मुलगा पुढे आला. "आईचं?" एवढंच म्हणाला. बेंगळुरूचा मोठा साहेब, पण आवाज अंगणात पडून गुडघा फुटलेल्या पोराचा होता.

मी दारातून उठून टेबलाशी आले आणि चमचा मागितला. फोडीचे दोन तुकडे केले, एक लेकाला दिला, एक बापाला. स्वतः बोटाने खार घेतला. गोड. नको तितकं गोड. आयुष्यभर त्या गुळाला नावं ठेवली, आणि त्या वेळी मला वाटत होतं, अजून एक बोट निघावं. निघालं, ते मी भाभीला दिलं. मला तिची इतकी आठवण आली, की तिच्यावर रागच आला.

मग मी डब्याला झाकण लावलं आणि तो भाऊजींच्या हातात परत दिला.

"हा आता रिकामा झाला," मी म्हटलं. "रिकामा मी घेणार नाही."

भाऊजींनी झाकण काढून आत पाहिलं.

"ह्यात लिंबाचं लोणचं होतं. माझं होतं, तुम्ही खाल्लंत, आत्ता स्वतःच्या तोंडाने सांगितलंत. लोणचंच भरून हवं. तुमच्या हातचं. विकतचं नको, साखर तर मुळीच नको. साखर घालणारी माणसं आळशी असतात म्हणे. तो भरून मिळेपर्यंत तुम्हाला गल्ली सोडता येणार नाही. घरचा नियम आहे, तुमच्याच घरचा."

मुलगा हुशार आहे, पण कॉम्प्युटरचा. त्याने विचारलं, "काकू, लोणच्याला किती दिवस लागतात?"

"वर्ष," मी म्हटलं.

भाभी स्वतः पंधरवड्यात लोणचं उन्हात घालून खायला काढते. तिचं तोंड उघडलं. मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला, जरा जोरातच. "साल तो लगता ही है, भैया," ती म्हणाली, आणि पाय सोडवून घेत पुढे म्हणाली, "ज़्यादा भी लग सकता है."

मुलाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग बापाकडे. बाप डबा दोन्ही हातांत धरून विचारत होता, "वहिनी, लिंबं किती लागतील?" मुलाने तर त्यांना स्वतःहून काही विचारताना कितीतरी महिन्यांत ऐकलं नसेल. मुलाला फसवलं जातंय हे कळलं होतं, असं मला आजही वाटतं. तो बाहेर जाऊन फोनवर बोलला आणि आत येऊन म्हणाला, "एक वर्ष, बाबा. लोणचं मुरलं की बघू." आणि दुसऱ्या दिवशी एकटाच गेला.

बँकेचा जिवंतपणाचा दाखला पुढे अंगठ्याऐवजी डोळ्यांवरून झाला. मशीनला डोळे पटले.

लोणचं मी शिकवलं. लिंबं पुसून कोरडी करा म्हटलं, तर भाऊजींनी ती एकेक करून पंख्याखाली मांडली. फोडी सगळ्या सारख्या, एकही तसूभर लहान नाही की मोठी नाही. तिखट मी माझ्या हाताने घालत होते, ते म्हणाले, एवढं नको, तिला चालायचं नाही. गूळ ते घालत होते, मी म्हटलं, एवढा नको, मला चालायचा नाही. तिथेच आमचं पहिलं भांडण झालं. त्यांच्या ओसरीत ऊन येत नाही, म्हणून बरणी माझ्या गच्चीवर. सकाळी ते बरणी घेऊन येतात, चहा घेतात, संध्याकाळी न्यायला येतात, पुन्हा चहा. मधल्या वेळात गल्लीतलं कोणी ना कोणी लोणचं बघायला येतं आणि सल्ला देऊन जातं. पाऊस-पाण्यातही हे चाललं. पावसात बरणीला गच्चीवर काय काम, असं कोणी विचारलं नाही.

सांगितलेलं वर्ष केव्हाच सरलं. लोणचं पहिल्या दोन महिन्यांतच मुरलं होतं, वास सांगत होता. मुलगा दर रविवारी फोन करतो आणि शेवटी विचारतो, "काकू, मुरलं का?" मी म्हणते, ह्या वर्षी ऊन कमी पडलं रे. तो हसतो आणि आईची आठवण काढून फोन ठेवतो. डबा भाऊजींच्या देवघराखाली आहे, घासलेला, रिकामा.

परवा सकाळी भाऊजींनी बरणी उघडली आणि चमच्यावर एक फोड माझ्यापुढे धरली. म्हणाले, "खरं सांगा हं, वहिनी." मी खाल्ली. फोड जिभेवर विरघळली. तिखट माझं, गूळ तिचा, दोन्ही जिथल्या तिथे. तिने खाल्लं असतं तर तिलाही नाव ठेवायला जागा सापडली नसती. मी तोंड वाकडं केलं आणि चमचा परत दिला.

"अजून कच्चं आहे, भाऊजी."

त्यांनी एक फोड स्वतः खाल्ली. सावकाश चघळली, बरणीचं झाकण घट्ट लावलं, वर फडकं बांधलं.

"मलाही तसंच वाटलं," ते म्हणाले.